मुंबईच्या दमट उन्हाळ्यात कोंबड्या: आधी वारा, मग पाणी

उन्हाळा लागला की कोंबड्या पाळणाऱ्यांमध्ये तेच सल्ले फिरू लागतात: खुराड्याला ओलं गोणपाट बांधा, फॉगर (पाण्याचं बारीक धुकं उडवणारा फवारा) लावा, तासातासाला पाणी मारा. हे सल्ले खरे आहेत, पण ते नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हाळ्यातून आलेले आहेत. उत्तन-गोराईच्या वाडीत किंवा चेंबूरच्या गावठाणातल्या मागील दारी मे महिन्यात तेच केलं, तर कोंबडीला आराम पडण्याऐवजी तिचा जीव जाऊ शकतो. म्हणून आधी कारण समजून घ्यायला हवं.

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असतं. अंगातली उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडे दोनच वाटा आहेत. पहिली वाट कातडीची: तुरा, चोचीखालची लोंबती लाल कातडी, पाय आणि पंखांखालची उघडी जागा. गरम व्हायला लागलं की ती पंख अंगापासून सुटे धरते, ते याचसाठी. दुसरी वाट श्वासाची. हवा साधारण ३० अंशांच्या आसपास गेली की ती चोच उघडून धापा टाकू लागते. घशातली ओल वाफ होऊन जाते आणि जाताना उष्णता नेते. हवेत आधीच ओलावा भरलेला असेल तर ही वाफ व्हायला जागाच उरत नाही. कोंबडी धापा टाकत राहते, दमते, आणि उष्णता आतच साठते.

आकड्यांत सांगायचं तर असं. हवा ४० अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या पडद्यातून येणारा वारा जास्तीत जास्त २१ अंशांच्या आसपास उतरू शकतो. हवा ३५ अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल, तर तोच पडदा कितीही भिजवा, २८ अंशांच्या खाली जाणार नाही. प्रत्यक्षात तिथवरही पोचत नाही, कारण गोणपाट वारा अडवतं. म्हणजे चार-पाच अंश कमावण्यासाठी आपण वारा घालवला आणि आतला दमटपणा वाढवला. बंदिस्त खुराड्यात फॉगर लावल्यावर नेमकं हेच होतं.

पण मुंबईत एक दुसरा उन्हाळाही असतो, आणि तो मार्च-एप्रिलमध्ये येतो. पूर्वेकडून जमिनीवरचा वारा सुटतो, समुद्रावरून येणारा खारा वारा दुपारी उशिरापर्यंत येत नाही आणि पारा एकदम ३८ ते ४० वर जातो. किनाऱ्यावर हवामान खातं ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं (सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असेल तर). सपाटीवर तोच आकडा ४० आहे. सांताक्रूझला १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंशांची नोंद आहे. अशा दिवसांत हवा कोरडी असते आणि ओलं गोणपाट खरंच काम करतं. त्यामुळे प्रश्न पाणी मारावं की नाही हा नसून आज कोणती हवा आहे हा आहे, आणि ते ओळखायला फारसा खर्च नाही.

भिंतीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर घ्या. एकाच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळून तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडा. दोन्ही खुराड्याजवळ सावलीत टांगा आणि पाच मिनिटं पंख्याचा वारा द्या. ओल्या थर्मामीटरचा आकडा कोरड्यापेक्षा ८ अंश किंवा जास्त खाली असेल तर गोणपाट भिजवा, छपरावर पाणी मारा, खुशाल. फरक ५ किंवा त्याहून कमी असेल तर पाणी बंद, फक्त पंखा. मधल्या आकड्यांना वाऱ्याच्या बाजूची बाहेरची जमीन शिंपडा. खुराड्याच्या आत थेंबही नको. पूर्वेच्या वाऱ्याच्या दिवशी सकाळी गोणपाट बांधलं असेल तर खारा वारा सुरू झाला की ते गुंडाळून ठेवायचं. हे विसरलं जातं, आणि संध्याकाळी कोंबड्या मलूल दिसतात.

आता वारा. मुंबईची हवा कितीही तापली तरी ती कोंबडीच्या अंगापेक्षा जवळजवळ नेहमीच थंड असते, म्हणून हलती हवा दमट दिवशीही उष्णता काढून नेते. पिसांखाली अडकलेली गरम हवा वाऱ्याने सुटते. सहा बाय चार फुटांच्या खुराड्याला १६ इंची टेबल फॅन पुरतो. तो जाळीच्या बाहेर तीन-चार फुटांवर ठेवा, नाहीतर पिसांची धूळ मोटरमध्ये बसून मोटरच तापते. आठवड्यातून एकदा ब्रशने ती साफ करा. दिवसा कोंबड्या जमिनीवर असतात, म्हणून वारा जमिनीपासून फूटभर उंचीवर यायला हवा. अंधार पडला की त्या दांडीवर चढतात. मग पंखाही दांडीच्या उंचीला उचला. वायर उघडी सोडू नका, घुशी आणि उंदीर कुरतडतात. ती पीव्हीसी पाइपमधून न्या. ओल्या जागी वीज आहे, तेव्हा ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय पंखा लावूच नये. वसई-विरारकडे जिथे वीज जाते, तिथे १२ व्होल्टचा बॅटरीवरचा पंखा हाताशी असू द्या.

रात्रीचा पंखा ही चैन नाही. कोरड्या प्रदेशात रात्री हवा गार होते आणि कोंबडी दिवसभराचं देणं फेडून घेते. मुंबईत मे महिन्यातल्या रात्री हवा २७ अंशांच्या आसपासच राहते. दिवसा साठलेली उष्णता दुसऱ्या दिवशीच्या उष्णतेत मिसळते, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी फारसं कडक ऊन नसतानाही कोंबडी मरते. रात्री फळ्यांनी चारी बाजूंनी बंद होणारं खुराडं इथे कामाचं नाही. निदान दोन समोरासमोरच्या बाजू जाळीच्या हव्यात. जाळी अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली. साधी षटकोनी जाळी मुंगूस आणि घूस सहज उघडतात. आरे, येऊर, मुलुंडच्या डोंगराकडे बिबट्याही येतो, तिथे लोखंडी चौकट लागेल. बाल्कनीसाठी म्हणून विकले जाणारे प्लॅस्टिकचे डबे-खुराडे मात्र उन्हाळ्यात वापरूच नयेत.

छप्पर पत्र्याचं असेल तर सर्वांत मोठा शत्रू डोक्यावरच आहे. दुपारी लोखंडी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि ती धग थेट खाली कोंबडीच्या पाठीवर उतरते. पत्र्यावर बांबू आडवे टाकून चार-सहा इंचांची पोकळी ठेवा आणि वर माडाच्या झावळ्यांचे दोन थर बांधा. पोकळी महत्त्वाची, झावळ्या थेट पत्र्यावर टाकल्या तर त्याखाली हवा खेळत नाही. झावळ्या मिळत नसतील तर चुना: एक किलो चुना दोन लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, त्यात ५० ते १०० मिली फेविकॉल घाला आणि सकाळी उन्हाआधी दोन हात मारा. जूनच्या पावसात तो धुऊन जाईल, पण तोवर काम झालेलं असतं.

मुंबईत एक अडचण अशी की दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो आणि दुपारचं ऊनही पश्चिमेकडूनच. लोक त्या बाजूला हिरवी शेडनेट जाळीला चिकटवून घट्ट बांधतात. सावली मिळते, वारा मरतो. नेट जाळीपासून दीड-दोन फूट दूर, तिरकी ताणा आणि जमिनीपासून दीड फूट वर संपवा. पावसाळ्यात लावलेली निळी ताडपत्री तर ऑक्टोबरमध्येच उतरवलेली बरी.

गर्दी कमी करा. एरवी कोंबडीमागे अडीच-तीन चौरस फूट चालतात, उन्हाळ्यात चार हवेत; म्हणजे सहा बाय चारच्या खुराड्यात सहाच. खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन इंचांपेक्षा जास्त नको, कारण जाड ओला थर आतून कुजतो, स्वतः तापतो आणि अमोनिया सोडतो. धापा टाकणारी कोंबडी तो अमोनिया जास्तच वेगाने ओढून घेते. सांडलेल्या पाण्याखालचा भुसा रोज काढा.

पाणी पाजण्यात बहुतेकांचं लक्ष प्रमाणाकडे असतं. खरं महत्त्व तापमानाला आहे. अंड्यावरची कोंबडी एरवी पाव लिटर पिते, कडक उन्हाळ्यात अर्धा लिटर किंवा जास्त. सहा कोंबड्यांना दिवसाला तीन-चार लिटर धरा. पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी दिलं तर ती पिणारच नाही. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हाच माठ भरून सावलीत ठेवा आणि त्यातूनच घाला. दुपारी बारा, दोन आणि चारला भांड्यातलं पाणी ओतून टाकून नवं भरा. एक लिटरची बाटली रात्री फ्रीजरमध्ये गोठवून बादलीत सोडली की पाणी दोन-तीन तास गार राहतं. भांडी किमान दोन, एकमेकांपासून दूर. एकच असेल तर दांडगी कोंबडी बाकीच्यांना फिरकू देत नाही. निपलच्या (चोचीने टोचून पाणी प्यायच्या तोट्यांच्या) पाइपात पाणी साचून तापतं, दुपारी आधी ते सोडून द्यावं लागतं. भांड्याच्या आतला बुळबुळीत थर रोज घासून काढा. पाय बुडवायला उथळ परात ठेवलीत तर तीही रोज उपडी करा, डासांच्या अळ्या होतात.

धापांमुळे शरीरातला कर्बवायू जास्त निघून जातो, रक्ताचा समतोल बिघडतो आणि कवचासाठी लागणारं कॅल्शियम मिळेनासं होतं. उन्हाळ्यात अंडी पातळ कवचाची किंवा नुसत्या पापुद्र्याची येतात ती यामुळे. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात मिळणारी पोटॅशियम असलेली इलेक्ट्रोलाइट पावडर पाकिटावरच्या मापाने सकाळच्या पाण्यात द्या. एक भांडं साध्या पाण्याचंही ठेवा, कारण सगळ्यांना ती चव आवडत नाही. सलग आठवडाभर देऊ नका. कडक तीन-चार दिवस पुरे.

कॅल्शियमसाठी मुंबईइतकं सोयीचं ठिकाण नाही. कोळीवाड्यात तिसऱ्यांची कवचं ढिगाने निघतात. ती धुऊन खारटपणा काढा, उन्हात वाळवा, तव्यावर भाजा आणि ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा. वेगळ्या वाटीत, संध्याकाळी ठेवा, कारण कवच मुख्यतः रात्री घडतं. सुकट किंवा बोंबलाचा चुरा देणाऱ्यांनी उन्हाळ्यात तो थांबवावा; मिठाने तहान वाढते आणि विष्ठा पातळ होऊन भुसा ओला होतो.

खाद्य पचताना उष्णता निर्माण होते आणि ती खाल्ल्यानंतर चार ते सहा तासांनी सर्वांत जास्त असते. सकाळी नऊला पोटभर खाल्लेली कोंबडी दुपारी दोनला आतून आणि बाहेरून एकाच वेळी तापते. म्हणून पहाटे पाचला खायला घाला, दहाला भांडं उचला आणि पुन्हा साडेचार-पाचनंतर ठेवा. कलिंगडाची पांढरी साल, काकडी दुपारी चालतात, पण दिवसाच्या खाद्याच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पोट पाण्याने भरतं आणि प्रथिनं कमी पडतात. उन्हाळ्यात आधीच खाणं घटलेलं असतं, तेव्हा प्रथिनं कमी करून भागत नाही.

जात पाहून काळजी घ्या. ब्रॉयलर सर्वांत आधी जातो. त्यामागोमाग भरलेल्या अंगाच्या, जुन्या, चरबी धरलेल्या कोंबड्या. गावरान टिकते, आणि उघड्या मानेची जात तर फारच चांगली टिकते, कारण तिच्या अंगावर पिसंच कमी असतात. खुडूक कोंबडी खोक्यात बसून उठत नाही. तिला सकाळ-संध्याकाळ हाताने उचलून पाण्यापाशी न्यावंच लागतं.

चोच उघडी आणि पंख सुटे, इतपत असेल तर ती अजून सांभाळून आहे. शेपटी श्वासाबरोबर वरखाली होऊ लागली, डोळे मिटू लागले, तुरा फिका किंवा निळसर झाला, पाय लडखडले, तर मिनिटं मोजावी लागतात. सावलीत न्या. साध्या पाण्याच्या बादलीत, बर्फाच्या नव्हे, मानेपर्यंत दोन-तीन मिनिटं धरा, डोकं वर. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उष्णता आतच कोंडते. मग ओल्या अंगानेच पंख्यासमोर ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, धापा टाकताना ते श्वासनलिकेत जातं; चोचीच्या कडेला थेंब लावा, ती स्वतः गिळेल. तासाभरात उभी राहिली नाही तर पशुवैद्यांकडे न्या. परळला मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. बहुतेक मृत्यू दुपारी चार ते संध्याकाळच्या वेळात होतात, ऊन उतरू लागल्यावर, त्यामुळे पंखा चारला बंद करणं धोक्याचं. दुपारी कोंबड्या पकडणं, लस देणं, जंताचं औषध पाजणं टाळा; हे सगळं पहाटे.

अंडी दिवसातून तीनदा गोळा करा: नऊ, बारा, चार. कोंबडा सोबत असेल तर अंडं फळलेलं असतं, आणि साधारण २१ अंशांच्या वर त्यातला गर्भ वाढू लागतो. मुंबईच्या मेमध्ये दोन-तीन दिवस खोक्यात राहिलेलं अंडं फोडल्यावर त्यात लाल रेषा दिसू शकते. उबवायला ठेवायची अंडी घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात, टोकदार बाजू खाली करून ठेवा आणि आठवड्याच्या आत कोंबडीखाली द्या. खाण्याची अंडी न धुता थेट फ्रीजमध्ये.