कापूस पेरायचा की मका?

अमेरिकेतील उत्तर आणि गुलामी राखू पाहणारी दक्षिण यांच्यातील यादवी युद्धामुळे 1861 नंतर खानदेशच्या कापसाला चढा भाव मिळाला, हे आमच्या भागात अनेकांना ऐकून ठाऊक असते. पण ज्यांच्या हातांनी तिकडचा कापूस पिकत होता, त्यांचे त्या काळात काय झाले याची चौकशी आपण फारशी करत नाही.

7 नोव्हेंबर 1861 रोजी उत्तरेच्या आरमाराने दक्षिण कॅरोलिनातील पोर्ट रॉयल घेतले, तेव्हा आसपासच्या बेटांवरचे मळेवाले पळून गेले आणि सुमारे 10,000 गुलाम मागे राहिले. कायद्याने ते मुक्त नव्हते, पण मालकही उरला नव्हता. काही मळ्यांवर त्यांनी सरकी काढण्याची यंत्रे मोडून टाकली आणि मका व रताळी लावली. तिथला लांब धाग्याचा कापूस फार महाग विकला जाई. पण त्याने पोट भरत नाही. वॉशिंग्टनच्या अर्थखात्याला मात्र कापूसच हवा होता. उत्तरेतून आलेल्या शिक्षकांचे आणि 1862 मध्ये या लोकांसाठी सुरू झालेल्या पेन स्कूल या शाळेचे कौतुक सगळेच करतात, ते योग्यही आहे; मला मात्र पेरणीवरचा हा वाद अधिक मोलाचा वाटतो, कारण शेतात काय लावायचे हे ठरवण्यातच त्या लोकांनी आपली मुक्ती प्रथम वापरून पाहिली.

दक्षिणेतल्याच लुइझियानात 1863 मध्ये उत्तरेच्या सैन्याचे जनरल बँक्स यांनी घालून दिलेली व्यवस्था आपल्याकडच्या सालदारकीसारखी होती: फटके बंद, मालक निवडण्याची मुभा, पण एकदा ठरले की वर्षभर मळा सोडायचा नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरलेल्या सालदारावर लष्कराचा पहारा नसतो, एवढा फरक धरावा लागेल. लिंकन यांची 1 जानेवारी 1863 ची मुक्तिघोषणा लुइझियानातील न्यू ऑर्लिन्स परिसराला लागूच नव्हती. तिथली गुलामी लुइझियाना राज्याच्या 1864 च्या घटनेने संपली, आणि त्या घटनेनेही कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार दिला नाही.

जमिनीचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला. पोर्ट रॉयलच्या बेटांवरचे, करथकबाकीपोटी जप्त झालेले मळे 1863 मध्ये लिलावात निघाले, तेव्हा एडवर्ड फिलब्रिकने बॉस्टनच्या गुंतवणूकदारांच्या गटातर्फे 11 मळे घेतले. जानेवारी 1865 मध्ये उत्तरेचे जनरल शर्मन यांनी किनारपट्टीवर मुक्त झालेल्यांसाठी कुटुंबामागे 40 एकरांपर्यंत जमीन राखून ठेवली. त्याच वर्षी लिंकननंतरचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ती जुन्या मालकांना परत देण्याचा मार्ग मोकळा केला. पोर्ट रॉयलजवळच्या सेंट हेलेना बेटावर ज्या मुक्त कुटुंबांनी पैसे भरून करलिलावातली जमीन घेतली होती, त्यांतील बहुतेकांकडे मात्र ती राहिली.