तुर्भ्याला रात्री तीनचे पोहे, ठाण्याहून कसं जायचं

रात्री अपरात्री भूक लागली की बरेच ठाणेकर स्टेशनकडे वळतात, पण गरमागरम पोहेच हवे असतील ना तर सरळ नवी मुंबईत तुर्भ्याला एपीएमसी, म्हणजे बाजार समितीच्या घाऊक भाजी मार्केटच्या बाहेर जा. आम्ही बाइक काढल्या, कळवा, विटावा, ऐरोली करत ठाणे-बेलापूर रोडने सुसाट पोचलो, रस्ता मोकळाच असतो.

तिथे तीन वाजता मध्यरात्र वाटतच नाही. नाशिक, पुण्याकडून आलेल्या भाजीच्या गाड्या खाली होत असतात, माथाडी डोक्यावर पोती घेऊन पळतायत, पहाटेपासून किरकोळ भाजीवाले माल उचलायला येतात, म्हणजे यांचा दिवस अर्धा झालेला असतो आणि हा नाश्ता त्यांच्यासाठीच केलेला असतो. म्हणूनच तो चांगला असतो असं माझं ठाम मत आहे, कारण रोजचं गिऱ्हाईक कष्टाचं, त्याला शिळं चालत नाही आणि पातेलं तासाभरात रिकामं होतं.

आम्ही थांबलो तिथल्या मावशी पोहे कोरडे पडायला लागले की पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायच्या, अर्ध्या मिनिटाने उघडलं की नुसती वाफ! वर कांदा, शेव, कोथिंबीर, लिंबाची फोड. "दादा, अजून थोडे टाकू का?" असं विचारत त्यांनी डिशमध्ये टाकले पण. शेजारी एक ट्रक ड्रायव्हर, पलीकडे नाइट शिफ्ट सुटलेली दोन पोरं गळ्यात आयकार्ड घालून, सगळे एकाच बाकड्यावर सरकून बसलेले, कोणाला घाई करायची नाही की कोणी तू इथे कसा म्हणून बघत नाही. मला हॉटेलच्या एसीपेक्षा हेच जास्त आवडतं, खरंच.

जाणाऱ्यांनी एवढं बघा. गाडी गेटसमोर किंवा हातगाड्यांच्या वाटेत अजिबात लावू नका, त्यांचं काम अडतं. सुट्टे पैसे ठेवा, रेंज गेली की यूपीआय अडकतं. चप्पल नको, बूट घाला, खाली पाला आणि चिखल असतो. मधले काही तास लोकल बंद असते, त्यामुळे स्वतःची गाडी बरी. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबतं, तेव्हा मुलुंडवरून ऐरोली पुलाने या, लहान गाड्यांना ऑक्टोबर २०२४ पासून तिथला टोलही नाही. मार्केटच्या सुट्टीचा वार आधी विचारून घ्या, आणि उजाडायच्या आत परत फिरा, नंतर कंपन्यांच्या बस सुरू होतात.