ए-टी टायर बसवले आणि पिकअप आदळू लागली: पहिल्या ६०० किलोमीटरची नोंद

गाडी डबल कॅब पिकअप. सस्पेन्शन पुढे डबल विशबोन आणि कॉइल, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). रिम कंपनीचीच, १६ इंची, ७ इंच रुंद. जुने टायर २४५/७० आर १६, साधे रस्त्याचे. नवे ए-टी (ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींचे), एलटी (लाइट ट्रक) २४५/७५ आर १६, लोड रेंज ई, म्हणजे दुकानात ज्याला 'टेन प्लाय' म्हणतात ते.

टायर बसल्या दिवसापासून गाडीच्या दोन तक्रारी. हंपवरून आणि खड्ड्यांतून गेली की गाडी दणकन आदळते, मागून जास्त, ही पहिली. महामार्गावर ७५ ते ९० च्या मधे सीटला थरथर येते, ही दुसरी. 'ए-टी टाकले की राइड कडक होणारच' असं म्हणून दोन्ही एकाच खात्यावर टाकायची पद्धत आहे, आणि घोळ तिथेच होतो. आदळणं म्हणजे हवा, टायरची कडक बाजू आणि सस्पेन्शन. थरथर म्हणजे फिरणारी कुठली तरी वस्तू गोल नाही किंवा समतोल नाही. दोन्हींचा शोध वेगवेगळा घ्यायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

चाचणीचे रस्ते सुरुवातीलाच ठरवले आणि शेवटपर्यंत तेच ठेवले. सगळे बेळगावजवळचे. आदळण्यासाठी पिरनवाडी, किणये, जांबोटी, कणकुंबी. थरथरीसाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ वर काकती ते हत्तरगी. रस्ता बदलला की तुलना गेली.

किमी ०

आधी आकड्यांचा हिशेब. जुन्या टायरचा व्यास साधारण ७४९ मिमी, नव्याचा ७७४. म्हणजे चाक ३.३ टक्क्यांनी मोठं. स्पीडोमीटर तेवढं कमी दाखवणार आणि ओडोमीटरही, त्यामुळे ॲव्हरेज पडल्यासारखं वाटतं त्यातला थोडा भाग नुसता मोजण्यातला असतो. खालच्या सगळ्या नोंदींत वेग जीपीएसचा आहे, किलोमीटर मात्र ओडोमीटरचे. वजन काट्यावर: जुना टायर १५ किलो, नवा २१. स्प्रिंगच्या खाली प्रत्येक चाकाला ६ किलो वाढले. शॉकअपला आता जास्त वजनाची उडी आवरायची आहे, हे पुढे कामाला येईल.

किमी १२

टायर गार असताना सकाळी स्वतःच्या गेजने हवा बघितली. चारही चाकांत ४८ पीएसआय. असं बऱ्याच ठिकाणी होतं. टायरचा काठ रिमवर नीट बसावा म्हणून सुरुवातीला हवा चढवतात आणि मग उतरवायची राहते. शिवाय टायरच्या बाजूवर '८० पीएसआय' छापलेलं असतं, ते वाचून ४८ कमीच वाटते. तो आकडा पूर्ण वजनाला चालणारी कमाल हवा सांगतो. रोज भरायची हवा ती नव्हे.

उलटी चूकही होते, ती म्हणजे दारावरच्या स्टिकरची हवा जशीच्या तशी भरणं. तो स्टिकर मूळ टायरसाठी आहे. एलटी टायरला तेवढंच वजन पेलायला हवा जास्त लागते. या मापाच्या एलटी टायरचा लोड-तक्ता ३५ पीएसआयपासून सुरू होतो आणि तिथे एका टायरला साधारण ७७० किलो धरतो. रिकाम्या पिकअपच्या पुढच्या एका चाकावर सव्वापाचशे किलोच्या आसपास, मागच्यावर चारशेच्या आसपास वजन येतं. म्हणजे ३५-३६ ला भरपूर जागा शिल्लक राहते. चारही चाकं ३६ ला आणली. मागे टनभर पोती चढणार असतील तर मागची ४५ आणि उतरल्यावर परत ३६, असा नियम ठेवला.

मग खडूची चाचणी. टायरच्या नक्षीवर आडवी जाड रेघ ओढायची, सपाट डांबरावर सरळ दोनशे मीटर चालवायचं आणि रेघ कुठे पुसली ते बघायचं. पुढे रेघ पूर्ण रुंदीत सारखी पुसली. मागे मधली दोनतृतीयांश पुसली, दोन्ही कडांना खडू शाबूत. गणिताने मागची हवा अजून उतरवायला हवी, पण तक्ताच ३५ च्या खाली जात नाही, म्हणून महामार्गावर चालणाऱ्या गाडीत ३५ च्या खाली गेलो नाही. नदीकाठच्या वाळूत किंवा चिखलात २० पर्यंत उतरवा, पण परत डांबरावर यायच्या आत भरायचा पंप गाडीत हवा.

४८ वरून ३६ वर आल्यावर पुढचं आदळणं जवळपास गेलं. मागचं निम्म्याने कमी झालं, निम्मं राहिलं. हवेने होण्यासारखं होतं ते झालं, आता पाट्यांकडे.

एक गोष्ट चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्यांसाठी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे. खाली किनाऱ्यावर बाहेरच्या हवेचा दाब वाढतो, त्यामुळे तापमान तेच असेल तर गेज सव्वा पीएसआयने कमी दाखवतं. उलट दर साडेपाच अंश उष्णता वाढली की साधारण १ पीएसआय वर चढते. घाट उतरून पंपावर गरम टायरची हवा 'दुरुस्त' करत बसू नका.

किमी ६५

मागच्या पाट्यांखाली झोपल्यावर दोन गोष्टी दिसल्या. पाट्यांच्या टोकांना असणारे नायलॉनचे पॅड झिजून लोखंडाला लोखंड लागलेलं. आणि शॅकलचे (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी झुलती कडी) रबरी बुश एका बाजूला पिळलेले. हा पीळ येतो तो नट कसण्याच्या पद्धतीमुळे. गाडी जॅकवर, ॲक्सल लोंबकळतो आहे आणि त्याच अवस्थेत शॅकलचे नट कसले, तर बुशचं रबर त्या लोंबत्या कोनात धरलं जातं. गाडी खाली आली की रबर सतत पिळलेलं राहतं आणि पाट्याबरोबर स्वतःही स्प्रिंगसारखं विरोध करतं. टायर मऊ होते तोवर हे झाकलं गेलं होतं.

उपाय फुकटचा आहे. गाडी चारही चाकांवर, सपाट जागेवर, रोजच्या वजनात उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. शॅकलचे आणि पाट्याच्या पुढच्या टोकाचे नट अर्धा-पाऊण फेरा सैल करा, गाडी मागून दाबून चार-पाच वेळा हलवा आणि मॅन्युअलच्या टॉर्कने परत कसा. नायलॉन पॅड मात्र नवे घातले.

जुनं काळं ऑइल किंवा डिझेल पाट्यांवर ओतायचा सल्ला हमखास मिळतो. दोन दिवस गाडी लोण्यासारखी जाते हे खरं. मग खानापूर बाजूची लाल धूळ त्या तेलात बसते आणि पाट्यांच्या मधे पॉलिश पेपरसारखं काम करते. खनिज तेलाने बुशचं रबरही फुगतं. काही लावायचंच असेल तर पाटे धुऊन, सुकवून कोरडं ग्रॅफाइट.

किमी ९०

चाकांचे नट परत तपासले. नवीन चाक चढवल्यावर ८० ते १०० किलोमीटरला हे करायचंच. सहापैकी दोन नट टॉर्क पान्याला हलले. दुकानातल्या इम्पॅक्ट गनने ठोकून कसलेले नट एकसारखे कधीच नसतात, एखादा अती घट्ट आणि शेजारचा हलका. १२ मिमी स्टडला साधारण १०० ते १२० न्यूटन-मीटर, नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलचा. समोरासमोरचे नट घेत कसायचं.

किमी १४०: थरथर

थरथर सीटला येते, स्टीअरिंगला नाही. त्यामुळे आधी मागची चाकं. तरी पुरावा हवा म्हणून कंपन मोजणारं ॲप फोनवर घेऊन फोन सीटच्या रुळाशेजारी पट्टीने घट्ट चिकटवला. ८० च्या वेगाला हे चाक सेकंदाला साधारण सव्वानऊ फेरे घेतं. ॲपवर सव्वानऊच्या आसपास टोक दिसलं तर एका फेऱ्याला एक धक्का, म्हणजे बॅलन्स किंवा टायर-रिम केंद्रातून सरकलेली. १८-१९ ला दिसलं तर फेऱ्याला दोन धक्के, म्हणजे चाक लंबगोल. मागच्या डिफचा (डिफरन्शियल) रेशो ४.१ धरला तर त्याला फिरवणारा प्रॉपेलर शाफ्ट चाकाच्या ४.१ पट फिरतो, तो ३८ च्या आसपास दिसेल आणि तिथे टायरचा काही संबंध नाही. इथे टोक नऊच्या पुढे, अगदी स्वच्छ.

चाकं बॅलन्सिंगला गेली. मागच्या डाव्या चाकाला मशीनने समतोलासाठी ११५ ग्रॅम शिसं मागितलं. इथे मुद्दाम थांबलो. शंभरच्या वर शिसं मागणारं चाक शिसं लावून गप्प बसवायचं नसतं. आधी मशीनच खरं बोलतंय का ते बघायचं: चाक शाफ्टवरून सैल करून अर्धा फेरा फिरवून परत बसवा आणि पुन्हा मोजा. आकडा बदलला तर मशीनचा शंकू (कोन) चाकाच्या मधल्या भोकात नीट बसलेला नाही, रिम दोषी नाही. इथे फरक पाच ग्रॅमचा आला, म्हणजे बसणी ठीक.

मग डायल गेज, म्हणजे चाक किती वरखाली फिरतं ते मिमीत मोजणारं. उद्यमबागेत लेथ-मिलिंगची इतकी वर्कशॉप आहेत की चुंबकी स्टँडचा डायल कुणाकडे तरी मिळतोच. गाडी स्टँडवर, चाक हाताने फिरवून मोजलं: रिमच्या काठावर ०.४ मिमी, टायरच्या नक्षीवर १.९. रिम चांगली, टायर वरखाली. पूर्ण चाकाला दीड मिमीच्या आत हवं. हवा सोडून टायर त्याच रिमवर अर्धा फेरा फिरवला, परत मोजलं, १.१ आलं. नंतर शिसं लागलं ३५ ग्रॅम.

खरं तर हे बसवतानाच टळतं. नव्या टायरवर रंगाचे ठिपके असतात. पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हसमोर आणायचा. लाल ठिपका टायरचा उंच बिंदू, तो रिमवर खूण असेल तर रिमच्या खोल बिंदूसमोर. दोन्ही असतील तर लालला मान. बसवताना शेजारी उभं राहून एवढंच सांगितलं तरी पुष्कळ झालं. चाक चढवायच्या आधी हबच्या तोंडावरचा गंज वायर ब्रशने काढला. तिथे एखादा पापुद्रा राहिला तरी चाक तिरकं बसतं.

काकती ते हत्तरगी, ८० आणि ९० ला: थरथर गेली.

किमी ३१०: थरथर परत

जांबोटीच्या पुढे ओल्या कच्च्या रस्त्यावरून गाडी आली, दोन दिवस उन्हात उभी राहिली आणि महामार्गावर गेली तर सीट पुन्हा हलायला लागली. ॲपवर टोक त्याच जागी. शिसं जागेवर होतं. चाक काढून उलटं ठेवल्यावर कळलं: रिमच्या आतल्या बाजूला लाल चिखल वाळून बसलेला, एकाच बाजूला, अर्ध्या भाकरीएवढा. स्क्रू-ड्रायव्हरने उचकटला तर तव्याला चिकटलेल्या पापुद्र्यासारखा एका तुकड्यात निघाला, आतल्या अंगाला रिमच्या गोलाईचा ठसा घेऊन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४० ग्रॅम. हिशेब करून बघा: चाकाच्या मध्यापासून त्या अंतरावर नुसते १०० ग्रॅम चिकटले तरी ८० च्या वेगाला जवळपास ७ किलोचा ओढा तयार होतो, तोही सेकंदाला नऊ वेळा दिशा बदलणारा. पावसाळ्यात या भागात फिरून आलं की चिखल ओला असतानाच रिम आतून पाण्याने मारा. वाळला की हातोडीचं काम.

किमी ४८०

कणकुंबीच्या वाटेवर खड्ड्यातून निघाल्यावर मागची बाजू अजून एक जादा उडी घेते. पंधरा किलोमीटर खराब रस्त्यावर चालवून लगेच मागच्या शॉकअपना हात जवळ नेला (आधी जवळच न्यायचा, काम केलेला शॉकअप बराच तापतो). उजवा गरम, डावा जवळजवळ गार. गार म्हणजे तो काम करत नाही. तेल गळालेलं दिसत नसतानाही असं होतं, त्यामुळे नुसतं बघून शॉकअप पास करू नका. जोडी बदलायची, एकटा नाही. नवी जोडी बसवून झाली, खालचे बोल्ट गाडी जमिनीवर आल्यावरच कसले, कारण तेच, पाट्यांच्या बुशचं.

किमी ६००

आदळणं जुन्या टायरपेक्षा थोडं जास्त, पण दणका नाही. बारीक खड्ड्यांवर कडक बाजूची टकटक राहते, ती या टायरची जातच आहे. पूर्ण वळवल्यावर पुढचा डावा टायर मडफ्लॅपला घासत होता, फ्लॅप दीड सेंटीमीटर मागे घेतला. सकाळी पहिले दहा किलोमीटर हलकी थरथर येऊन आपोआप जाते. रात्रभर उभं राहून टायर खाली किंचित चपटा होतो, त्याला हात लावायचा नाही.

बाकी आहे स्टेपनी. ती अजून २४५/७० आहे, व्यासात २५ मिमी कमी. पंक्चर मागे झालं तर पुढचं चांगलं चाक मागे घ्यायचं आणि स्टेपनी पुढे लावायची. टू-व्हील ड्राइव्हमध्ये पुढचा ॲक्सल मोकळा असतो, मागे लावली तर डिफ सतत फरक गिळत बसतो. स्टेपनी लागलेली असताना डांबरावर फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) मुळीच लावायचं नाही. पाचवा टायर मागवला आहे, रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल) ८००० किलोमीटरला, पाचही धरून.