घटक चाचणी आणि कूलरचा प्रश्न

एकूण ४१ पेपर होते आणि त्यातल्या ३३ पेपरांत एका प्रश्नाचं उत्तर अगदी एकाच वाक्याने सुरू झालं होतं. कॉपी म्हणावी तर मुलं तीन वेगवेगळ्या खोल्यांत बसलेली. प्रश्न होता: ‘थंड प्रदेशात तलावाचा पृष्ठभाग गोठला तरी मासे जिवंत राहतात. विश्लेषण करा.’

पूर्व नागपुरातल्या एका अनुदानित शाळेत मी दहावीला विज्ञान शिकवते. घटक होता ‘उष्णता’, चाचणी २० गुणांची. त्याआधी एका प्रशिक्षणात आम्हाला क्रियापदांची यादी मिळाली होती. ‘सांगा’, ‘नावे लिहा’ म्हटलं की ज्ञान, ‘स्पष्ट करा’ म्हटलं की आकलन आणि ‘विश्लेषण करा’, ‘मूल्यमापन करा’ म्हटलं की वरची पातळी. मी इमानदारीत यादी समोर ठेवली, जुन्या पेपरातले प्रश्न घेतले आणि शेवटची क्रियापदं बदलली. संविधान तक्ता, म्हणजे कोणत्या पातळीला किती गुण हे दाखवणारा पेपरचा आराखडा, तर इतका सुरेख जमला की मोठ्या मॅडमनी तो इतरांना नमुना म्हणून दाखवला.

ते ३३ पेपर मी स्टाफरूममधल्या एका ज्येष्ठ सरांपुढे ठेवले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, त्यामुळे कोणाची भीड नाही. ते म्हणाले, “मॅडम, हे उत्तर तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं ना? मग पोरं विश्लेषण कशाचं करून राहिले?”

खरंच, उत्तर माझंच होतं. ४ अंशाला पाण्याची घनता सर्वांत जास्त, म्हणून ते तळाशी जातं, वर बर्फाचा थर, खाली पाणी द्रवरूप. पाच ओळी, मीच लिहून दिलेल्या. मुलांनी त्या पाठ केल्या आणि मला परत केल्या. प्रश्नाखाली ‘विश्लेषण’ लिहिलं होतं, पण मुलांनी केलं ते निव्वळ स्मरण.

ज्ञान, आकलन वगैरे पातळ्या ज्यातून आल्या, ते अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांचं वर्गीकरण मी बी.एड.ला पाठ केलं होतं. १९५६ साली आलेल्या सहा पातळ्या, मग २००१ मध्ये अँडरसन आणि क्रॅथवोल यांनी केलेली दुरुस्ती, वगैरे. आता उन्हाळ्याच्या सुट्टीत ते पुन्हा वाचलं, तेव्हा एक गोष्ट नव्याने दिसली. हे काम मुळात परीक्षकांचंच. अमेरिकी विद्यापीठांतल्या परीक्षकांना प्रश्नांची आपापसांत देवाणघेवाण करायची होती, म्हणून त्यांना वर्गवारी हवी होती. आणि उपयोजनाची, म्हणजे शिकलेलं वापरण्याच्या पातळीची, अट तिथे स्पष्ट आहे: परिस्थिती मुलाला नवी हवी. म्हणजे प्रश्नाची पातळी नुसता प्रश्न बघून ठरत नाही, वर्गात आधी काय झालंय तेही बघावं लागतं. बी.एड.ला हे वाक्य मी वाचलं असेलही. पण परीक्षेत आलं नाही, म्हणून लक्षात राहिलं नाही. (आता यावर काय बोलायचं!)

पुढच्या चाचणीला मी दुसऱ्या टोकाला गेले. सगळे प्रश्न नवे, सगळे ‘जीवनाशी निगडित’. त्यातला एक कोराडीच्या वीज केंद्रातल्या शीतकरण मनोऱ्यांवर होता, सात ओळींचा. मला स्वतःला तो फार आवडला होता. वेळ एक तास. निकाल लागला तेव्हा वर्गातल्या हुशार मुलीनेही तो प्रश्न कोराच सोडलेला. तिला विचारलं तर म्हणाली, “मॅडम, प्रश्नच नाही समजला जी. मनोरा म्हणजे काय?” माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी हिंदी बोलतात. मला उष्णता तपासायची होती आणि मी तपासलं वाचन. शिवाय साधे प्रश्नच नसल्यामुळे जी मुलं एरवी सात-आठ गुणांपर्यंत जायची, ती दोन-तीनवर अडकली. एकाने पेपरच्या शेवटी लिहिलं होतं, ‘सॉरी मॅडम’. तो पेपर बरेच दिवस माझ्या पर्समध्ये होता.

तिसऱ्यांदा मात्र मी आधी उत्तर लिहायला बसले, प्रश्न नंतर. आदर्श उत्तर मला चार-पाच ओळींत लिहिता आलं नाही, तर तो प्रश्न बाद. या एका चाळणीत माझे निम्मे लाडके प्रश्न गेले.

जो राहिला तो कूलरचा. नागपुरात कूलर कोणाला समजावून सांगावा लागत नाही. होळी झाली की गच्चीवरून उतरवायचा, गवत बदलायचं, पंप बघायचा, खिडकीत चढवायचा. हे दहावीची मुलं घरी स्वतः करतात. प्रश्न असा लिहिला: ‘मे महिन्यात हवा ४४ अंश व सापेक्ष आर्द्रता १५ टक्के; ऑगस्टमध्ये हवा ३२ अंश व सापेक्ष आर्द्रता ८० टक्के. कूलर कधी जास्त चांगले काम करेल? का?’

सरांना सोडवायला दिला. त्यांनी मुद्दाम मुलासारखं उत्तर लिहिलं: ‘ऑगस्टमध्ये, कारण हवा आधीच थंड असते.’ मी म्हटलं, हे चूक आहे. ते म्हणाले, “कसं काय? चांगलं काम म्हणजे काय, ते कुठं लिहिलं तुम्ही?” बरोबर होतं त्यांचं. मग शब्द बदलले: ‘कूलरमधून जाताना हवेचे तापमान कोणत्या महिन्यात जास्त अंशांनी कमी होईल?’ आता पळवाट नव्हती. तेव्हापासून माझा कोणताही पेपर त्यांनी सोडवल्याशिवाय झेरॉक्सला जात नाही. ते चहा मागतात, मी पाजते.

त्याच परिस्थितीवर मी चढते उपप्रश्न ठेवले. आधी ‘सापेक्ष आर्द्रता म्हणजे काय’, मग बाष्पीभवनाला लागणारा अप्रकट उष्मा (तापमान न वाढवता पाण्याची वाफ करण्यात खर्च होणारी उष्णता) येतो कुठून, मग वरची मे-ऑगस्टची तुलना, आणि शेवटी: ‘दुकानदार म्हणतो, दारं-खिडक्या घट्ट बंद ठेवा, कूलर जास्त थंड करेल. तुम्हाला पटते का?’ परिस्थिती एकदाच वाचायची, म्हणून वाचनाचा भार कमी. भाषाही सोपी ठेवली, ‘मनोरा’ वगैरे काही नाही.

गणिताच्या प्रश्नातही मी अशीच फसत आले होते. आकडे बदलले की उपयोजन झालं, असं मला वाटायचं. मुलांना सूत्र आणि पायऱ्या पाठ असतील तर आकडे बदलून फक्त गुणाकार तपासला जातो. म्हणून यावेळी विचारलं: ४० अंशांचं ३०० ग्रॅम लिंबू सरबत १० अंशांवर आणायला ० अंशाचा किती बर्फ लागेल? सरबत पाण्यासारखंच धरायचं, ग्लासची उष्णता सोडून द्यायची. उत्तर १०० ग्रॅम. वर्गात आम्ही बर्फ नुसता वितळवला होता. इथे तो वितळून झालेलं पाणीही ० वरून १० अंशांपर्यंत तापतं, हे मुलाला स्वतःला सुचावं लागतं. ज्याला सुचलं नाही, त्याचं उत्तर येतं ११२.५. जो सरबत पार ० अंशापर्यंत नेतो आणि नुसत्या ८० ने (एक ग्रॅम बर्फ वितळायला लागणाऱ्या कॅलरींनी) भागतो, त्याचं १५०. बहुपर्यायी प्रश्नात मी हेच दोन आकडे चुकीचे पर्याय म्हणून ठेवले. पूर्वी पर्याय भरायला मी मनाला येईल ते लिहायची, चौथ्या जागी ‘यांपैकी नाही’. आता कोणी कोणता पर्याय निवडला, यावरून तो कुठे घसरला ते कळतं. सोमवारी वर्गात नेमकं काय पुन्हा घ्यायचं, हेही तिथेच ठरतं.

पुढचा उपप्रश्न या उत्तरावर अवलंबून होता. तिथे ‘बर्फ १०० ग्रॅम लागतो असे धरून’ असं लिहिलं. नाहीतर एकदा चुकलेल्या मुलाला तीनदा शिक्षा होते.

माशांचा प्रश्नही सोडला नाही. तो उलटा केला: पाणी इतर द्रवांसारखंच ० अंशापर्यंत आकुंचन पावत गेलं असतं आणि बर्फही पाण्यात बुडला असता, तर तळं कुठून गोठत आलं असतं? पाठ केलेल्या पाच ओळी इथे जशाच्या तशा चिकटवता येत नाहीत, पण त्या समजल्या असतील तर उत्तर येतं.

गुणांची वाटणी शेवटी अशी झाली: स्मरणाला ६, आकलनाला ६, उपयोजनाला ५ आणि त्यावरच्याला ३. साध्या स्मरणाला नाक मुरडणं मी सोडलं. ज्याला ८० कॅलरी आठवत नाही तो सरबत काय थंड करणार? आणि पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी लिहिता आलं की हात सुटतो, हेही खरंच. तक्ता मी अजूनही पेपर झाल्यावरच भरते. सगळेच तसं करतात, फक्त कोणी बोलत नाही.

तपासणी काही सोपी झाली नाही. मे-ऑगस्टच्या तीन गुणांच्या प्रश्नात एकाने लिहिलं, ‘ऑगस्टमध्ये कूलर लावला की अंग चिपचिप होते.’ निरीक्षण शंभर टक्के खरं, कारण शून्य. मी आधीच ठरवून ठेवलं होतं: महिना आणि निरीक्षणाला एक, दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं याला एक, त्याचा अप्रकट उष्म्याशी संबंध जोडला तर एक. त्याला एक गुण दिला. तो भांडायला आला, “मॅडम, आमच्या घरचं खरं तेच लिहिलं ना!” मी विचारलं, चिपचिप का होतं? थोडा वेळ गप्प राहिला आणि मग बाकीच्या दोन गुणांचं उत्तर तोंडी देऊन मोकळा झाला. तोंडी उत्तराला गुण देण्याची सोय माझ्या तक्त्यात नव्हती. मी दिले नाहीत. अजून खटकतं.

यंदाच्या दहावीच्या वह्या तपासताना तिघांच्या वहीत कूलरचा प्रश्न सापडला. उत्तरासकट, निळ्या शाईत, बाजूला चांदणी आणि ‘आयएमपी’. कुठल्याशा शिकवणीत गेल्या वर्षीचा पेपर पोचलाय. उत्तर चांगलं आहे, बहुधा मीच लिहिलेलं आहे. म्हणजे तो प्रश्न आता स्मरणाच्या रकान्यात गेला.

परवा शेजारच्या काकू तक्रार करत होत्या. त्यांच्या सुनेने माठाला बाहेरून पूर्ण ऑइल पेंट दिला, वर सुंदर वारली नक्षी काढली, आणि तेव्हापासून पाणी पूर्वीसारखं गार होत नाही. त्यांना वाटतंय माठच खराब लागला. मी कारण लगेच सांगितलं नाही. आधी माठाचा फोटो काढून घेतला.