मूळ कोल्ट का नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

"मूळ कोल्ट परवडत नाही, म्हणून इटलीची नक्कल?" इथे अमेरिकेत जुन्या धाटणीची सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, म्हणजे दर गोळीला घोडा (काडतुसावर आदळणारा हातोडा) अंगठ्याने मागे ओढावा लागणारी, बाळगणाऱ्याला हे ऐकावंच लागतं, आणि विचारणारा उत्तर ठरवूनच आलेला असतो. माझी इटलीची उबेर्ती घेण्यामागे किंमत हे कारण आहेच, लपवत नाही. पण तेवढंच असतं तर रूगर, म्हणजे त्याच धाटणीची आधुनिक अमेरिकी रिव्हॉल्व्हर, घेऊन मोकळा झालो असतो. रूगरच्या गुंडाळीच्या स्प्रिंगा सहसा मोडत नाहीत, आणि 1973 पासूनच्या मॉडेलात सहाही काडतुसं भरून ठेवता येतात. बुद्धी म्हणते रूगर घे. अंगठ्याला ते पटत नाही.

1873 च्या कोल्टचा घोडा मागे ओढताना चार खटके येतात. पहिला सुरक्षेच्या खाचेचा. दुसऱ्याला अर्धा घोडा: सिलिंडर मोकळं फिरतं, बाजूची झडप उघडून काडतुसं भरायची. तिसऱ्याला बोल्ट, म्हणजे सिलिंडर अडवणारी खिट्टी, सुटून सिलिंडरवर येतो. चौथ्याला घोडा पूर्ण चढतो आणि बोल्ट सिलिंडरच्या खाचेत बसलेला असतो. रूगरच्या नव्या रचनेत अर्धा घोडाच नाही. इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पियाच्या उबेर्तीने, म्हणजे 1959 पासून चालत आलेल्या कारखान्याने, जुन्या पद्धतीच्या मॉडेलांत हे चारही खटके जपले आहेत. शिवाय ती मूठ! कोल्टच्याच 1851 च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरपासून चालत आलेला तिचा आकार धक्क्याशी भांडत नाही. नळी वर उचलली जाते, मूठ तळव्यात फिरते आणि घोडा आपसूक अंगठ्याखाली येतो.

आता ज्याचं खरोखर दुःख होतं ते सांगतो. कोरी रिव्हॉल्व्हर, सिलिंडरवर गडद निळी झळाळी. कुणी कौतुकाने हातात घेतो, अर्धा घोडा करतो, सिलिंडर गरगर फिरवतो आणि घोडा तिथूनच खाली सोडतो. झालं. अर्ध्या घोड्यावर बोल्ट फ्रेमच्या आत ओढलेला असतो. तिथून घोडा उतरला की तो वर येतो, पण समोर खाच नसते, गुळगुळीत पोलाद असतं. मग सिलिंडर हलेल तसा बोल्ट घासत जातो आणि खाचांच्या रांगेत चकचकीत पांढरी रेघ उमटते. सिलिंडरभोवती ती पूर्ण फिरली की पुन्हा निळं केल्याशिवाय जात नाही. म्हणून नियम एकच: अर्ध्या घोड्यावरून आधी पूर्ण घोडा, मग अंगठ्याने धरून सावकाश खाली. भरतानाही तेच: एक काडतूस, एक घर रिकामं, मग चार, पूर्ण घोडा करून रिकाम्या घरावर उतरवायचा. पहिल्या खटक्याच्या खाचेवर भरवसा नको. घोड्यावर आघात झाला तर ती तुटू शकते. एवढं सांगितलं की माणसं म्हणतात, "मग हे खेळणं कशाला?" खेळणं नाही, म्हणूनच सांगतो.

मोडतं काय, तेही विचारता. चाप आणि बोल्ट यांची दुपाती सपाट स्प्रिंग, बहुधा फाट्याच्या मुळाशी. सिलिंडर फिरवणाऱ्या पंजाची बारीक पाती. नळी खाली धरली की सिलिंडर फिरतं आणि वर धरली की अडतं, तर ही पाती गेली समजा: खाली धरल्यावर पंजा स्वतःच्या वजनाने सिलिंडरच्या दात्यांवर टेकतो. अनेक उबेर्तींत सिलिंडर ज्यावर फिरतं त्या पिनेला दोन खाचा असतात. पिन आतल्या खाचेत गेली की घोडा पूर्ण उतरत नाही, आणि लोक बंदूक बिघडली म्हणून दुरुस्तीला धाव घेतात. पिन एक खाच बाहेर ओढा, बस. स्क्रू मात्र फटीत घट्ट बसणाऱ्या, समांतर पात्याच्या स्क्रूड्रायव्हरनेच फिरवा; घरातल्या निमुळत्या पात्याने स्क्रूची डोकी सोलवटतात.

पूर्वी मीच म्हणायचो की चाप-बोल्टची सपाट स्प्रिंग काढून तारेची घालणं म्हणजे मूळ रचनेशी बेइमानी. तारेची जास्त टिकते, चापही हलका होतो, हे आता नाकारत नाही. पण तिसरा खटका तारेवर थोडा पातळ वाटतो. रोज नेमबाजी करणाऱ्याने तारेची घालावी. माझ्यात सपाटच आहे. उद्या मोडली तर कोणती घालेन, हे आजही ठरलेलं नाही.