डब्याच्या वेळेचा स्टँडअप

नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला येऊन मला चार वर्षं झाली. काम पुण्यात होतं तेच, सॉफ्टवेअर प्रोजेक्ट सांभाळायचं. इथे सहा डच माणसं, हिंजवडीला नऊ जण आणि मध्ये मी. रोज इथल्या साडेनऊला पंधरा मिनिटांचा स्टँडअप: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय.

मार्चच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास पुढे जातात आणि भारताशी असलेलं साडेचार तासांचं अंतर साडेतीनवर येतं. गेल्या वर्षी आमचा स्टँडअप इथे साडेनऊलाच राहिला, पण पुण्यात तो दोनवरून एकवर आला. ऐन डब्याच्या वेळेला. माझ्या हे लक्षात यायला जून उजाडला. एक मुलगा बोलत असताना मागे स्टीलच्या डब्याचं झाकण वाजलं. मी विचारलं, "जेवायला बसला होतात का रे?" जरा वेळ कुणीच बोलेना. मग तो म्हणाला, "नाही मॅम, चालेल, नंतर जेवू." दोन महिने नऊ जण जेवण मागे-पुढे करत होते आणि एकानेही मला सांगितलं नव्हतं. दोष मी त्यांना देत नाही. घड्याळ माझ्याकडचं बदललं होतं, विचारायला मीच हवं होतं.

इथल्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टला हे सांगितलं तर तो मनापासून चकित झाला. "मग ते बोलले का नाहीत?" इथे नवा आलेला पोरगाही डायरेक्टरला नावाने हाक मारतो आणि भर मीटिंगमध्ये 'हे मला पटत नाही' म्हणतो. कुणाला राग येत नाही, थोड्या वेळाने दोघं कॉफी मशीनपाशी गप्पा मारताना दिसतात. त्यामुळे जो गप्प बसला त्याला मान्य आहे, असं ही माणसं धरून चालतात.

आपला 'बघतो' हा शब्दच घ्या. समोरच्याच्या सुरावरून आपल्याला कळतं की हे होणार, की होणार नाही, की विषय इथेच थांबवलेला बरा. तोच शब्द इंग्रजीतून गेला की सूर मागे राहतो आणि ऐकणारा तारीख लिहून घेतो.

त्याच महिन्यात जुलैच्या रिलीजची चर्चा चालली होती. टेस्टिंग वेळेत होईल का, असं इकडून विचारलं. पुण्याहून कुणीतरी म्हणालं, "हो, करू." तेवढ्यात टेस्टिंग करणाऱ्या मुलीच्या नावापुढचं माइकचं चिन्ह सुरू झालं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. मीटिंग संपल्यावर मी तिला फोन लावला आणि मराठीतच बोलले. आधी दोन वेळा "नाही मॅम, सगळं ठीक आहे" झालं. मग म्हणाली, "टेस्ट डेटाच आला नाहीये. जीडीपीआरमुळे, म्हणजे युरोपच्या त्या खासगी माहितीच्या कायद्यामुळे, ग्राहकांची खरी माहिती आपल्याला वापरता येत नाही, ती मास्क करून, म्हणजे ओळख पटेल असे तपशील झाकून मिळायला हवी. ते काम तिकडे पंधरा दिवस पडून आहे. पण त्यांच्यासमोर त्यांचंच कसं काढायचं?"

दुसऱ्या दिवशी मी तो मुद्दा मांडला. डेटा तीन दिवसांत मिळाला. वाईट कुणालाच वाटलं नाही, उलट आधी का कळलं नाही याचीच हळहळ वाटली.

तेव्हापासून 'होईल का?' हा प्रश्न मी टाकून दिला. 'यात काय काय अडू शकतं?' असं विचारते आणि उत्तरं मीटिंगच्या आधी लिहून मागते. लिहिताना आमची मुलं मोकळी होतात. सुट्ट्यांचं कॅलेंडरही एकच केलं, २७ एप्रिलचा इथला राजाचा दिवस आणि १ मेचा महाराष्ट्र दिन शेजारी शेजारी. स्टँडअप मी आधी साडेआठला आणायला निघाले होते. दोन डच सहकाऱ्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, मुलांना शाळेत सोडायचं असतं, जमणार नाही. मग उन्हाळ्यात साडेदहा ठरलं, म्हणजे पुण्यात दुपारचे दोन.

या मार्चमध्ये घड्याळं बदलायच्या आधीच्या शुक्रवारी ग्रुपवर त्याच डब्यावाल्या मुलाचा मेसेज आला. डच मंडळींनाही कळावा म्हणून इंग्रजीत, सगळ्यांना उद्देशून: रविवारी तुमची घड्याळं पुढे जातायत. एक वाजता आम्ही जेवतो, तेव्हा सोमवारपासून स्टँडअप साडेदहाला घ्या.