पीएम (ठरलेली देखभाल) चालू असताना बी बाजू गेली तर? : डेटा सेंटर ऑडिटचा माझा अनुभव

ऑडिटची तारीख पक्की झाली की आमच्याकडे सगळ्यात आधी रंगारी येतो. पॅनलसमोरचे पिवळे-काळे पट्टे नवे होतात आणि इलेक्ट्रिकल रूममधली रबर मॅट सरळ होते. मी ऐरोलीच्या बाजूला एका कोलोकेशन (अनेक ग्राहकांचे सर्व्हर एकाच छताखाली ठेवणाऱ्या) डेटा सेंटरमध्ये फॅसिलिटी बघतो. यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर), चिलर, बॅटऱ्या हे माझं खातं. सर्व्हरला वीज दोन वाटांनी जाते, ए बाजू आणि बी बाजू; एक गेली तर दुसरीने सांभाळायचं. सर्व्हरच्या आत काय आहे ते मला माहीत नाही, आणि माहीत असायलाही नको.

मागच्या खेपेला आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाचं सर्व्हेलन्स ऑडिट (प्रमाणपत्र मिळाल्यानंतरची ठरावीक फेरतपासणी) आणि आमच्या एका ग्राहक बँकेचं ऑडिट पाठोपाठ आलं. कागद गोळा करणं कंटाळवाणं असतं, पण अवघड नाही. अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, म्हणजे फॉर्म बी, जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावाच लागतो. विद्युत निरीक्षकांचे कागद, प्रदूषण मंडळाची संमती, डिझेल साठ्याचा परवाना हेही फायलीत असतं. वैताग एवढाच, की तोच रिपोर्ट एकाला पीडीएफ हवा, दुसऱ्याला एक्सेल आणि तिसऱ्याला स्वतःच्या पोर्टलवर.

घासाघीस झाली ती रिस्क रजिस्टरवर. त्यात पूर होता, भूकंप होता, दंगल होती, उंदीरसुद्धा होते. बँकेच्या ऑडिटर मॅडमनी पानं उलटली आणि विचारलं, "यूपीएस एचं पीएम चालू असताना बी बाजू गेली तर? ते कुठे लिहिलंय?"

"मॅडम, तसं सहसा होत नाही," आमचे साहेब म्हणाले.

"१२ ऑक्टोबर २०२०," मॅडम म्हणाल्या. साहेब गप्प.

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागच्या जागी थांबल्या. सरकारने त्या दिवशी कारण सांगितलं ते असं: कळवा-पडघा ४०० केव्हीच्या सर्किट १ वर देखभालीचं काम चालू होतं, सगळा भार सर्किट २ वर घेतला होता, आणि नेमकं तेच बिघडलं. आमच्या सेंटरची रचना तशीच आहे, फक्त आकार लहान. एक बाजू कामाला काढली की त्या तासांपुरते आम्ही एका पायावर उभे असतो. मॅडमचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं.

मग रॅक, म्हणजे सर्व्हरची कपाटं, यांची तपासणी लागली. प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर कॉर्ड असतात, एक ए पीडीयूत (रॅकमधल्या वीजपट्टीत) आणि एक बी पीडीयूत, असं कागदावर. प्रत्यक्षात ग्राहकाची माणसं घाईत दोन्ही कॉर्ड एकाच पट्टीत खोचून जातात. टॉर्च घेऊन रॅकच्या मागे वाकून कॉर्ड मोजायच्या, हे काम कुणालाच आवडत नाही, पण सगळ्यात जास्त हाती लागलं ते तिथेच. लोडचंही तसंच. दोन्ही बाजूंचा मिळून लोड एका बाजूला पेलला पाहिजे, म्हणून क्षमतेच्या ४० टक्क्यांच्या वर गेलेली पट्टी आम्ही लाल केली. एका ग्राहकाचा नेटवर्क स्विच एकाच कॉर्डचा निघाला. त्याला रॅक एटीएस (एक बाजू गेली की आपोआप दुसरीवर नेणारं उपकरण) लावा म्हटलं, तर तो कोटेशन बघून गप्प बसला.

पीएमच्या रात्री मॅडम साक्षीला हजर. यूपीएस मेंटेनन्स बायपासवर टाकला की ए बाजूचा लोड थेट रॉ सप्लायवर जातो, मागे बॅटरी नाही. म्हणून डीजी आधीच सुरू करून ठेवला होता आणि डीजीवाले काका पॅनलपाशी उभे होते. एमओपी (कामाच्या पायऱ्यांची लेखी यादी) एकाने मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ब्रेकरवर बोट ठेवून तेच परत म्हणायचं, मगच हात लावायचा. व्हेंडरचा पोरगा वैतागला. "सर, हे शंभरदा केलंय."

"केलं असशील रे बाबा. इथे वाचूनच."

बॅटरी रूममध्ये मॅडमनी टॉर्क रेंचवरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर वाचलं, मग टर्मिनलच्या नटांवरच्या लाल रेघा एकेक बघितल्या. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट हललाय. नट ठीक होते. बॅटरीच्या एका ब्लॉकचं व्होल्टेज १३.५, अगदी शहाण्यासारखं, पण इंटर्नल रेझिस्टन्स (आतला रोध, तो वाढला म्हणजे बॅटरी थकत आली) शेजाऱ्यांपेक्षा बराच वर. सिरीजमधला असा एक ब्लॉक बसला की अख्खी स्ट्रिंग, म्हणजे बॅटऱ्यांची माळ, बसते. तो त्याच रात्री बदलला. रोजच्या राउंडमध्ये नुसतं व्होल्टेज लिहून आपण किती निश्चिंत असतो, ते तेव्हा कळलं.

आयएसओच्या ऑडिटरने मात्र भलत्याच ठिकाणी पकडलं. त्याच रात्रीची व्हेंडरची एंट्री त्याने काढली. ॲक्सेस लॉगमध्ये १२:४०, सीसीटीव्हीत तोच माणूस १२:३४ ला दारात. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवलेली हवीत, आणि आयएसओच्या २०२२ च्या आवृत्तीत ८.१७ हा कंट्रोलच त्यासाठी आहे. मायनर एनसी (छोट्या त्रुटीची नोंद) लागली. क्लोजरमध्ये, म्हणजे ती मिटवायच्या उत्तरात, कुणीतरी रूट कॉज म्हणून "मानवी चूक" लिहिलं, ते परत आलं, आणि येणारच होतं. सीसीटीव्ही सिक्युरिटीचा, ॲक्सेस आयटीचा, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणांवर नजर ठेवणारी प्रणाली) आमचा. वेळ जुळवणं कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. ते लिहिलं, तिन्ही यंत्रणा एकाच सर्व्हरला जोडल्या, आणि तिन्ही स्क्रीनचा एकत्र फोटो पाठवल्यावर एनसी बंद झाली.

रजिस्टरमध्ये आता "पीएमदरम्यान दुसरी बाजू जाणे" ही ओळ सगळ्यात वर आहे, पुराच्याही वर. एका कॉर्डचा तो स्विच अजून तसाच आहे. ग्राहकाने जोखीम मान्य असल्याचं पत्र सहीनिशी दिलंय, ते फायलीत लावलंय, आणि पुढच्या पीएमची नोटीस त्याला आत्ताच गेली आहे.